थेंब बरोबर, डोस कमी

मी देवगडकडच्या एका छोट्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे, म्हणजे लोकांच्या लेखी चिठ्ठी वाचून स्ट्रिप कापून देणारा. गणपतीच्या आगेमागे आमचा वॉर्ड डेंग्यूने भरतो आणि नातेवाईक फक्त प्लेटलेटचा आकडा विचारतात. रक्त घट्ट झालंय का, बीपी किती, लघवी होते का, याची चौकशी कोणी करत नाही. पपईच्या पानांचा रस मात्र न चुकता येतो.

हा पेशंट ट्रॉलरवरचा खलाशी, पस्तिशीच्या आतला. ताप उतरलेला, प्लेटलेट चढू लागलेले, घरचे डिस्चार्जचं विचारत होते. संध्याकाळी छातीत धडधड सुरू झाली. नाडी १६० च्या पुढे, तीही वेडीवाकडी. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरत होते, इकोवर हृदयाचा जोर बराच घटलेला. डेंग्यूचा मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज. डेंग्यूतून उठताना नाडी मंद झालेले पेशंट आम्ही नेहमी बघतो, त्यांना सहसा काही करावं लागत नाही. इथे गाडी उलटी धावत होती. त्याची आई मला धरून विचारत होती, "प्लेटलेट तर वाडले मा? मगे ह्या काय मधीच?"

बांबोळीला, गोव्याच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, हलवायचं तर आधी नाडी आटोक्यात हवी, आणि बीपी ९६. जोर आणखी कमी करणारी औषधं बाद. आमचे डॉक्टर सर म्हणाले, अमिओडॅरोन काढ. नाडीचा ताल आणि वेग ताळ्यावर आणणारं औषध.

अमिओडॅरोन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. हायड्रोक्लोराइड करूनही नाही. म्हणून ३ मिलीच्या अँप्युलमध्ये १५० मिग्रॅ मावावं यासाठी पॉलिसॉर्बेट ८० घालतात. तेलकट तव्यावर साबण जे करतो, तेच काम. सोबत बेंझिल अल्कोहोल. हे मिश्रण ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच पातळ करायचं. सलाइनमध्ये साका धरायची भीती. पण डेंग्यूच्या वॉर्डात प्रत्येक स्टँडला एनएस, म्हणजे साधं सलाइनच लटकलेलं, आणि नव्या आरएमओचा, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरचा, हात सवयीने तिकडेच गेला. मी बाटली काढून घेतली. त्याला राग आला. येऊ दे.

पहिले १५० मिग्रॅ दहा मिनिटांत द्यायचे असतात. सरांनी अर्धा तास घेतला, तरी बीपी ८४. सिस्टर म्हणाल्या, "परत शॉकमध्ये चाललाय काय?" डेंग्यूत बीपी पडलं की हात फ्लुइडकडे जातो, आणि दुबळ्या हृदयावर फ्लुइड ओतलं की फुप्फुसात पाणी. मी म्हटलं, "सर, यात औषधाइतकाच पॉलिसॉर्बेटचाही हात असतो." सरांनी हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय त्याचा आकडा, पाहिला. तो वाढलेला नव्हता, म्हणजे हा डेंग्यूचा शॉक वाटत नव्हता. फ्लुइड वाढवलं नाही. थोड्या वेळाने बीपी ९२ वर आलं.

पुढची ड्रिप ५०० मिलीत ९०० मिग्रॅ, मिनिटाला १ मिग्रॅ, म्हणजे २० थेंबांना एक मिली देणाऱ्या सेटवर मिनिटाला ११ थेंब. ड्रिप मोजून सोडणारा चालू पंप एकच, तो शेजारच्या पेशंटच्या नॉरअॅड्रिनलिनवर, म्हणजे बीपी चढवणाऱ्या औषधावर. दुसरा कधीपासून "दुरुस्तीला" गेलाय. रिसेप्शनला नव्या टाइल्स मात्र लागल्या. सिस्टरनी घड्याळ लावून थेंब मोजले, बाटलीवर पट्टी चिकटवून तासांच्या खुणा केल्या. तीन तासांत १०० मिली जायला हवं होतं, गेलं ७० च्या आसपास. सिस्टरनी पुन्हा मोजलं, ११ च. सेट तपासला, सुई तपासली, सगळं ठीक.

पॉलिसॉर्बेटमुळे द्रावणाचा पृष्ठताण कमी होतो आणि थेंबच लहान पडतो. २० थेंबांचा एक मिली हा हिशोब साध्या सलाइनचा. थेंब मोजून दिलं तर डोस ३० टक्क्यांपर्यंत कमी पडू शकतो, असं औषधाच्या माहितीपत्रकात स्पष्ट छापलेलं असतं. तो कागद खोक्याबरोबर कचऱ्यात जातो.

सरांना सांगितलं. त्यांनी मॉनिटरकडे बघितलं. नाडी १२०, बीपी ९४. "वाढवू नका. आहे तसंच राहू दे." पहाटे नाडी सरळ झाली, बांबोळीला न्यावं लागलं नाही.

तेव्हापासून आमचा वाद चालू आहे. मी म्हणतो, पूर्ण डोस गेला असता तर त्या बीपीला तो सोसला नसता. सर म्हणतात, डेंग्यूचा मायोकार्डायटिस बहुतेकदा आपोआप ओसरतो, तू उगाच थेंबांना श्रेय देतोस. सिस्टरचं एकच, "माझे थेंब बरोबर होते."

पॉलिसॉर्बेटशिवायचं अमिओडॅरोनही निघालंय. त्यात औषध सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये बसवतात. ही स्टार्चपासून केलेली साखरेची कडी. तिच्या पोकळीत तेलकट रेणू बसतो आणि कडी त्याला घेऊन पाण्यात विरघळते. स्टॉकिस्टला विचारलं तर म्हणाला, "भाऊ, आहे तेच पडून एक्स्पायर होता."

पंपासाठी मी पुन्हा अर्ज केलाय, माहितीपत्रकातली ३० टक्क्यांची ओळ लाल पेनने अधोरेखित करून. सरांनी सही केली, पण या पेशंटचा उल्लेख खोडायला लावला. म्हणाले, "कमी डोसात बरा झाला हे वाचलं, तर पंप कशाला, असंच विचारतील."