ठाणे ते उरण: पाच अल्बम आणि त्यांच्या जागा

सकाळी सातच्या आत मासुंदा तलावावर, गडकरी रंगायतनच्या बाजूला, बसायला कठडा मिळतो आणि हॉर्नही अंगावर येत नाहीत. संगीत ऐकत ठाणे ते उरण जायचं तर सुरुवात इथून करावी आणि पहिला मान पंडित राम मराठ्यांना द्यावा. ते ठाण्याचे, महापालिका आजही त्यांच्या नावाने संगीत महोत्सव भरवते. 'मंदारमाला' या संगीत नाटकातलं 'जय शंकरा' लावा. चाल त्यांची, गळा त्यांचा, राग अहिरभैरव. नाट्यपदात रागाला पसरायला जागा नसते, म्हणून कोमल रिषभ आणि कोमल निषाद लगेच समोर येतात. राग ओळखायला शिकणाऱ्याला मी अर्ध्या तासाच्या ख्यालाआधी हेच पद ऐकायला सांगेन.

त्याला लागूनच 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) लावावा, कारण त्याचीही सुरुवात अहिरभैरवानेच होते आणि मग तो नटभैरवात जातो. मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, अशी त्याची बांधणी आहे. सकाळी पहिली बाजू पुरे, म्हणजे पिलूपर्यंत. नाव निघतं शिवकुमार शर्मांच्या संतूरचं आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीचं, पण माझ्या कानाला हा अल्बम ब्रिजभूषण काब्रांचा वाटतो. संतूरची तार आघाताने वाजते, तिथे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं, जात्याच अवघड. काब्रांच्या गिटारवर सळई तारेवरून सरकते आणि स्वर न तुटता दुसऱ्या स्वरापर्यंत पोचतो. या तिघांना एकत्र बांधून ठेवणारा धागा तोच आहे. नंतरच्या सीडीत जादा रचना जोडल्या आहेत. कधी पूर्ण ऐकलात तर मूळ अल्बम पहाडीला संपतो, तिथेच थांबावं.

तलावापासून स्टेशन चालत दहा-पंधरा मिनिटं. ट्रान्सहार्बरची, म्हणजे ठाण्याहून वाशीकडे जाणारी, गाडी अकरानंतरची पकडावी. त्याआधी दाटीत कानातली बटणं पडतात आणि मिळत नाहीत. डब्याची निवड महत्त्वाची आहे. पेंटोग्राफ (टपावरचा, तारेतून वीज घेणारा सांगाडा) असलेला मोटरडबा टाळा, मोटरची घरघर थेट पायाखालून येते. दारात उभं राहून नॉइज कॅन्सलेशन (बाहेरचा आवाज कापणारी सोय) लावू नका. वारा मायक्रोफोनवर आदळतो आणि खडखडाट जाऊन त्याजागी फडफड ऐकू येते. हे तंत्र चाकांचा खालच्या पट्टीतला आवाज चांगला कापतं. हॉर्न आणि बायकांच्या डब्यातली हाक त्यातून सरळ आत येते.

खरी गडबड होते ती कानातल्या बटणांच्या रबरी टोप्यांच्या मापात. टोपी सैल असली की खर्ज बाहेर गळतो. मग ऐकणारा आवाज वाढवतो, खर्ज तरीही येत नाही आणि वरच्या पट्ट्या कानाला टोचतात. खोक्यात तीन मापं येतात, तिन्ही घालून बघा. डावा आणि उजवा कान वेगळ्या मापाचे असू शकतात. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात आणि पुढे दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. म्हणून आवाज वाढवण्यापेक्षा टोपी बदलणं बरं. क्रॉसफेड (एक रचना दुसरीत मिसळण्याची सोय) शून्यावर ठेवा, शफल बंद करा आणि अल्बम घरीच उतरवून घ्या.

ठाणे-वाशी साधारण अर्धा तास, म्हणजे एलपीची एक बाजू आणि थोडी फुरसत. या टप्प्याला मी चरणजित सिंगांचा १९८२चा अल्बम देतो: दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर. रोलंडची तीन यंत्रं, ठेक्याचं टीआर-८०८, खर्जाचं टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, एवढ्यावर मुंबईच्या या वादकाने हे काम केलं. डावीकडे पारसिकचा डोंगर, मग रबाळे-घणसोलीचे कारखाने, आणि कानात न ढळणारा यंत्राचा ठेका. लोकलमध्ये हा अल्बम टिकतो, कारण त्यात हळू-मोठं फारसं नाहीच. सगळं एका उंचीवर आहे, चाकांच्या आवाजाखाली काही बुडत नाही. ३०३ वर एका स्वरातून दुसऱ्यात घसरण्याची सोय आहे, तिच्यामुळे खर्जाला मींडेसारखा आकार येतो. भैरवी आणि ललत मला मनापासून आवडतात. भूपाळी मात्र मला पटत नाही. त्या रागाला गंधारावर थांबावं लागतं आणि इथे ठेका थांबू देत नाही.

वाशीला उतरून रिक्षाने सेक्टर आठमधल्या सागर विहारला जा. खाडी, तिवरं, हिवाळा-उन्हाळ्यात रोहित पक्षी. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९) इथे ऐकायचा, गाडीत अजिबात नाही. पहिल्या रचनेची सुरुवातच पियानो आणि बासच्या दबक्या संवादाने होते. लोकलमध्ये ती ऐकूच येत नाही आणि ऐकणाऱ्याला वाटतं, अजून सुरूच झालं नाही.

जॅझ अवघड वाटणाऱ्या मराठी श्रोत्याला हाच अल्बम द्यावा असं माझं ठाम मत आहे. त्यातली पहिली रचना 'सो व्हॉट' ज्या डोरियन स्वरसप्तकात आहे, ते म्हणजे आपला काफी थाट: गंधार आणि निषाद कोमल. तालाची सोळा मापं (बार) त्यात, मग आठ मापं षड्जच अर्ध्या स्वराने वर, आणि पुन्हा आठ मूळ जागी. काफी मनात धरून ऐकलंत तर तो बदल आपोआप कळतो. कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छांच्या) मागे धावायचं सोडून एका सप्तकात रमायचं, हा त्या वेळी तिथे मोठाच बदल होता. आपल्याला ती सवय आधीपासून आहे.

आवृत्ती बघून घ्या. पहिल्या बाजूच्या तीन रचना मुद्रित होताना यंत्र किंचित हळू चाललं होतं, त्यामुळे जुन्या एलपींवर त्या खऱ्या पट्टीपेक्षा चढ्या वाजतात. १९९२पासून पुढे दुरुस्त आवृत्त्या निघाल्या. तंबोऱ्याला सरावलेला कान हा फरक पकडतो.

वाशी-नेरूळ हा टप्पा छोटा आहे. त्यात यू-टू या आयरिश रॉक बँडच्या 'द जोशुआ ट्री'ची (१९८७) पहिली दोन गाणी बसतात. नेरूळच्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू-टूने १५ डिसेंबर २०१९ला हा अख्खा अल्बम क्रमाने वाजवला. त्यातली गाजलेली गाणी सुरुवातीलाच संपतात. उत्तरार्ध मला विस्कळीत वाटतो.

नेरूळहून उरणची गाडी मात्र सूर्यास्तानंतरची धरा. जानेवारी २०२४मध्ये ही सेवा थेट उरणपर्यंत गेली. स्टेशनं मोकळी, गर्दी कमी, त्यामुळे विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल ऐकायला मला हाच मार्ग भरवशाचा वाटतो. इथे किशोरी आमोणकरांचा भूप, म्हणजेच भूपाळी: आधी 'प्रथम सूर साध', मग द्रुत (जलद लयीतलं) 'सहेला रे'. स्वर तेच पाच, सा रे ग प ध, सकाळी रबाळ्याला यंत्रावर ऐकलेले. पण किशोरीताई गंधारावर येतात, थांबतात, धैवताला स्पर्श करून परततात, आणि प्रत्येक वेळी तो गंधार वेगळा लागतो. विलंबित वगळून थेट 'सहेला रे'वर उडी मारू नका. द्रुत बंदिशीला जो उजाळा आहे, तो आधीच्या संथ बढतीने कमावलेला आहे.

त्याच ध्वनिमुद्रिकेवर बागेश्रीही आहे. तो उत्तररात्रीकडे झुकणारा राग, त्यामुळे परतीच्या गाडीसाठी राखावा. परतीच्या गाड्या तुरळक असतात, वेळापत्रक नेरूळलाच बघून ठेवा.