वाशी का?

ठाण्याला दहा नंबरला गाडी उभी होती आणि डब्यावरचा इंडिकेटर बंद होता. वाशीची की पनवेलची, कळेना. ट्रान्सहार्बरवर ही चूक महागात पडते. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे सगळं ओळखीचं येत राहतं, माणूस निर्धास्त डुलक्या घेतो, आणि तुर्भे गेलं की गाडी सानपाड्याऐवजी गुपचूप जुईनगरकडे वळते. मग नेरूळला उतरून उलटं या. दारात एक पोरगा उभा होता, कानात ती पांढरी बोंडं. मी धावत धावत विचारलं, "वाशी का?"

त्यानं एका कानातलं बोंड काढलं, मला नीट निरखलं आणि अदबीनं म्हणाला, "नहीं आंटी, बलिया का."

भोंगा वाजला, मी चढले. गाडी वाशीचीच निघाली, हे माझं नशीब. पण सबंध दिघ्यापर्यंत मी तोंडाला रुमाल लावून हसत होते आणि तो बिचारा विचारात पडला होता, की बलियाचं असण्यात या बाईला एवढं हसण्यासारखं काय वाटलं. चूक त्याची नव्हतीच. माझ्या लेखी मी गाडीची चौकशी केली होती, त्याच्या लेखी त्याच्या गावाची. शब्द दोन, तेही दोघांच्या ओळखीचे. त्यातला एक वाशी, त्याबद्दल काही वाद नव्हता. घोळ सगळा त्या 'का'चा.

ऐरोलीला त्याला फोन आला. "का हो? का भइल?" म्हणजे पाच मिनिटांपूर्वी हिंदीत 'चा' असलेला 'का' आता भोजपुरीत 'काय' झाला होता. माणूस तोच, तोंड तेच. माझा मराठी 'का' त्या दोघांच्या मधोमध चौथ्या सीटवर अर्धा टेकून बसल्यासारखा.

तेव्हापासून हा एका अक्षराचा शब्द माझ्या मागे लागला आहे.

खरं तर आपल्याच घरात त्याला आपण किती राबवतो, हे आधी बघायला हवं. "आलास का?" हे स्वागत. आता त्यातला 'का' उचलून पुढे ठेवा: "का आलास?" झालं, पाहुणा चप्पल शोधायला लागला. अक्षर एक वाढलं नाही की कमी झालं नाही, नुसती जागा बदलली. आमच्या ऑफिसात भोपाळहून बदलून आलेल्या एक मॅडम आहेत. मराठी मनापासून शिकतात. हिंदीत 'क्या' वाक्याच्या आधी येतं, त्या हिशेबानं त्या 'का'ही आधी लावतात. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात त्यांनी पंगतीतून उठणाऱ्या नवऱ्याच्या आईला हसतमुखानं विचारलं, "का तुम्ही जेवलात?" विहीणबाईंचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. मी धावत जाऊन तो 'का' मागे नेऊन बसवला, तेव्हा कुठे त्यांनी हातातलं पान तोंडात घातलं.

शेवटी बसलेला 'का' फार सोशीक असतो. "सरकता का जरा?" यात तो हुकमाची विनंती करतो, गाडीत चौथी सीट मिळते ती त्याच्या जोरावर. "गप्प बसतोस का आता?" यात विनंतीची धमकी करतो, आणि हा प्रश्न आहे असं समजून "नाही" म्हणणाऱ्या मुलाचं काय होतं, ते प्रत्येकाला स्वतःच्या पाठीवरून ठाऊक आहे. "एकदा का पाऊस लागला की" यात तो काय करतो, हे मला आजवर कोणी धड सांगू शकलेलं नाही. काढून टाकला तरी वाक्य उभं राहतं, पण दम जातो. आणि "बरं का"! कीर्तनकारांपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांचा लाडका. त्यात प्रश्न नाही, कारण नाही, काही नाही. तोंडात ठेवलेला खडीसाखरेचा खडा नुसता.

मग "चहा का कॉफी?" मधला 'का'. हा घराण्यानं मोठा. ज्ञानेश्वर एका दृष्टान्तावर थांबत नाहीत. एक देतात, आणि 'नातरी' म्हणून दुसरा, 'कां' म्हणून तिसरा. 'किंवा' या अर्थाचा तो 'कां' आज आपण पाहुण्यांना पेय विचारायला वापरतो. त्याच्या डोक्यावरचा अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उतरवला. माझ्या आईनं मात्र तो नियम कधी जुमानला नाही. मी लग्न होऊन डोंबिवलीला गेले तेव्हा, ठाण्याहून अर्ध्या तासाच्या अंतरावर, ती मला पोस्टकार्ड पाठवायची. शेवटची ओळ ठरलेली: "रविवारी येतेस कां?" तो टिंब काढला असता तर मी कदाचित एखाद्या रविवारी गेलेही नसते.

आता जपान. आमची धाकटी दोन वर्षं जपानी शिकते आहे. हॉलमध्ये येरझाऱ्या घालत मोठ्यानं पाठांतर चालतं, त्यामुळे घरातल्या सगळ्यांना, कामाला येणाऱ्या मावशींनासुद्धा, थोडं थोडं येतं. पहिल्या आठवड्यातच ती घोकत होती, "कोरे वा होन् देस का." मी स्वयंपाकघरातून विचारलं, म्हणजे काय गं? "हे पुस्तक आहे का." मी पोळी तव्यावर विसरले. कोरे वा, हे. होन्, पुस्तक. देस, आहे. का, का! शब्दाला शब्द लावून बघा, क्रमसुद्धा हलत नाही. जपानीशी आपल्या भाषेचं ना सोयर ना सुतक. आणि ज्या हिंदीशी आपली सोयरीक, जिची लिपीसुद्धा आपलीच, तिचा 'का' आपल्याला भर फलाटावर बलियाला नेऊन सोडतो. नातेवाइकांपेक्षा शेजारी बरे म्हणतात, इथे तर शेजारीही नाहीत, पार समुद्रापलीकडचे.

पुढे तर कमालच झाली. ओचा म्हणजे चहा, कोही म्हणजे कॉफी. चहा किंवा कॉफी कसं म्हणायचं? "ओचा का कोही." आणि समोरचा काही सांगत असला की जपानी माणूस मान हलवत म्हणतो, "सो देस का." शब्दशः, "असं आहे का." शेवटचा 'का' खाली उतरता. म्हणजे प्रश्न नाहीच, नुसतं आपलं "असं काऽ". आमच्या आत्याला कोणी पुण्याच्या भावकीतलं काही सांगायला लागलं की ती तीन तास केवळ या एका वाक्यावर ऐकत बसायची. तिला टोकियोत काही अडलं नसतं.

मात्र जपानीत 'का' म्हणजे डासही. हे कळलं तेव्हा आम्ही घोडबंदर रोडला राहायला आलो होतो, खाडी जवळ, आणि संध्याकाळी सहानंतर खिडकी उघडायची सोय नव्हती. लेक म्हणाली, कानाशी गुणगुण ऐकून "डास का?" असं विचारायचं झालं तर जपानीत म्हणायचं, "का का?" नेमका तेव्हा खालचा वॉचमन बेल वाजवून दारातून "काका?" म्हणून हाक मारत होता. पार्सल आलं होतं. त्या डासाचं चित्राक्षरही तिनं मला काढून दाखवलं. डावीकडे किड्याची खूण, उजवीकडे 'लेखन' या अर्थाची. म्हणजे लिहिणारा किडा. मी हा लेख लिहिते आहे हे घरात कोणाला सांगितलेलं नाही.

नवी मुंबईत नोकरी केली की असे 'का' शोधायला जावं लागत नाही, ते गाडीत येऊन बसतात. आमच्या सकाळच्या गाडीत शिलाँगची एक मुलगी आहे, ऐरोलीला उतरते. तिच्या खासी भाषेत स्त्रीलिंगी नामाच्या आधी 'का' लागतो आणि पुल्लिंगी नामाच्या आधी 'ऊ'. त्यांच्यात सूर्य बाई आहे, 'का स्ङी', आणि चंद्र पुरुष. कुळाचं नावही आईकडून येतं. "आमच्याकडे बायकांना आधी 'का' लागतो," ती म्हणाली. आमच्याकडे बायकांनी 'का' म्हटलेलं चालत नाही, असं कोणीतरी मागून पुटपुटलं आणि अख्खा लेडीज डबा हसला. नेरूळचे एक ओळखीचे चीफ इंजिनिअर आयुष्यभर बोटीवर फिलिपिनो खलाशांबरोबर राहिले. ते भेटले की "कुमुस्ता का?" म्हणतात. तिकडे 'का' म्हणजे 'तू'; 'तू कसा आहेस'. आम्हाला ते "मस्त का?" असं ऐकू येतं, आणि उत्तर दोन्हीला एकच, त्यामुळे दुरुस्ती कोणी केली नाही.

पण मला सगळ्यात आवडलेला 'क' वेदांमधला आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, एकशे एकविसाव्या सूक्तात, शेवटची सोडून दर ऋचेच्या शेवटी ऋषी विचारतो, "कस्मै देवाय हविषा विधेम?" कोणत्या देवाला आम्ही हवी द्यावी? किती सरळ, प्रामाणिक प्रश्न. पुढच्यांना मात्र प्रश्न तसाच उघडा ठेवणं जमलं नाही. त्यांनी 'क' हे प्रजापतीचं नावच करून टाकलं. ऐतरेय ब्राह्मणात त्याची गोष्ट आहे. वृत्राला मारून आलेला इंद्र प्रजापतीला म्हणतो, तुझं थोरपण मला दे. प्रजापती म्हणतो, ते दिलं तर मग मी कोण? 'कोऽहम्?' इंद्र म्हणतो, तू आत्ता जे म्हणालास तोच. म्हणून तो 'क'. यजुर्वेदात तर त्याला आहुती देताना म्हणतात, "काय स्वाहा." हे चतुर्थीचं रूप, 'क'ला अर्पण असो. पण मराठी कानाला ते रात्री फ्रिज उघडून उभ्या असलेल्या नवऱ्याला विचारल्यासारखंच वाटणार.

आमच्या लहानपणी 'का' हा शब्द फक्त मोठ्यांचा होता. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर. आम्हाला विचारायचे, उशीर का, मार्क कमी का, दिवा चालू का. आम्ही उलट 'का' म्हटलं की एकच उत्तर: "सांगितलंय म्हणून." तलावपाळीला एकटं जायचं नाही. का? सांगितलंय म्हणून. नाटकात काम करायचं नाही. का? सांगितलंय म्हणून. साठीनंतर त्यांना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलं, तेव्हा मी शेजारच्या खुर्चीत होते. बाबांनी वर बघितलं आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "का?" त्यांच्या तोंडून तसा 'का' मी पहिल्यांदाच ऐकला. डॉक्टरांनी चांगली दहा मिनिटं समजावून सांगितलं. बाबांनी घरी येऊन डबा उघडून पेढा खाल्ला.

प्राचीन इजिप्तमध्येही एक 'का' होता. माणसाच्या जन्माबरोबर येणारी आणि तो गेल्यावरही राहणारी त्याची प्राणशक्ती. तिची खूण म्हणजे कोपरात वाकवून वर उचललेले दोन हात, थेट आपले सोसायटीचे सेक्रेटरी "का? का म्हणून?" करताना उचलतात तसे. माणूस गेला तरी त्याच्या 'का'ला भूक लागते, म्हणून थडग्यावर कोरून ठेवायचे: अमक्याच्या 'का'साठी हजार भाकऱ्या, हजार घडे बिअर, बैल, पक्षी. हे वाचलं तेव्हा मला दहावा आठवला. घाटावर पिंड मांडलेलं. कावळे होते, झाडावर बसून 'का, का' करत होते, पण एक खाली येईल तर शपथ. भाऊ हात जोडून एकेक कबूल करत होता. आईकडे बघेन. घर विकणार नाही. धाकटीच्या शिक्षणाचं बघेन. कावळा वरून, का? ऊन चढलं. शेवटी आत्या पुढे झाली. "असं काऽ," ती झाडाकडे बघून म्हणाली आणि भाच्याला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळलं. पिंडाशेजारी जिलबी ठेवली. कावळा तत्काळ उतरला. आधी जिलबीला शिवला, मग पिंडाला.

दर पितृपक्षात मी चौदाव्या मजल्यावरच्या खिडकीत पान ठेवते. गच्चीला सोसायटीनं कुलूप घातलं आहे. कावळा एसीच्या बाहेरच्या डब्यावर येऊन बसतो, मान वाकडी करून आधी वडा बघतो, मग खिरीची वाटी. खिरीत साखर मी बेताचीच घालते. यंदा त्यानं चोच बुडवली, बाहेर काढली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "का?"

"सांगितलंय म्हणून," मी म्हटलं, आणि डास यायला लागले होते म्हणून खिडकी लावून घेतली.