थंडी कमी झाली, म्हणून केळी लावली

बर्फाच्या प्रदेशातून सौम्य हवेच्या गावी राहायला आले, तेव्हा डोक्यात पहिली केळच आली. आधीच्या घरी कढीपत्ता, हळद सगळं कुंड्यांत. गारठा सुरू झाला की कुंड्या घरात, वसंतात पुन्हा बाहेर. ती हमाली आता संपली. पण तिच्या जागी जे आलं त्याची कल्पना नव्हती.

इथे एखाद्याच रात्री पारा शून्याखाली जातो. पण उन्हाळाही बेताचाच. उष्ण प्रदेशातल्या झाडाचं नुसतं जिवंत राहून भागत नाही, त्याला ऊब लागते, आणि तीही मातीत. भेंडीचं बी १८ अंशांपेक्षा थंड मातीत धड उगवत नाही, ओल असली तर कुजतंच. हवेत छान ऊन असतं, माणूस स्वेटर काढून बसतो, आणि माती मात्र अजून गारच. म्हणून मी सकाळी बोटभर खोल थर्मामीटर खुपसून बघायला लागले. तारखेवर पेरणी करणं सोडलं, आकडा बघूनच बाहेर लागवड करते. तोवर भेंडीची रोपं घरात वाढतात. मुळं दुखावलेली तिला खपत नाहीत, म्हणून प्रत्येक रोप वेगळ्या कागदी पेल्यात, आणि तो पेला तसाच मातीत.

हळद आणि आलं त्या मानाने शहाणी पिकं. थंडी आली की पानं पिवळी पडून आडवी होतात आणि कंद मातीत झोपी जातात. या झोपेत पाणी घातलं तर कंद सडतात. पानं वाळली की मी कंद उकरते. पुढच्या लागवडीचे कोरड्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुश्यात) घरातच ठेवते आणि डोळे फुगले की लावते. कढीपत्ताही थंडीत पानं टाकून उघडा होतो. तो मेला असं समजून लोक पाणी वाढवतात, आणि मग तो खरंच मरतो.

केळीचं गणित वेगळं. तिचा घड खोडाच्या गाभ्यातून वर येतो, आणि त्याआधी खोडाला बरेच महिने सलग वाढू द्यावं लागतं. दर हिवाळ्यात खोड जमिनीपर्यंत जळालं तर मुनवे, म्हणजे बुंध्याशी येणारी पिल्लं, फुटतात, पानं डौलदार येतात, पण घड कधीच नाही. घड हवा असेल तर खोड वाचवायचं. भोवती जाळीचं नळकांडं उभं करून त्यात वाळका पाला ठासून भरायचा, वरून पाणी शिरणार नाही असं झाकण. जळालेली पानं लगेच कापायची नाहीत, खालच्या गाभ्यावर तेवढंच पांघरूण राहतं. करपलेली केळ दिसायला भयानक असते, पाहुणे हळहळतात, पण वसंतापर्यंत हात लावायचा नाही.

दहिवराचा, म्हणजे गोठलेल्या दवाचा, त्रास मुख्यतः निरभ्र, वारा पडलेल्या रात्री. थंड हवा जड, ती उताराने वाहत सखल कोपऱ्यात साचते. त्यामुळे एकाच बागेत वरची मिरची हिरवीगार आणि खालची काळी, असं होतं. दिवसभर ऊन खाणाऱ्या भिंतीलगतची जागा सगळ्यात मोलाची. रात्री कापड टाकायचं ते जमिनीला टेकेल असं, कारण ऊब मातीतूनच वर येते. प्लास्टिक पानाला चिकटलं तर तेवढंच पान जळतं.

सौम्य हिवाळ्याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. कडाक्याची थंडी मावा आणि पांढरी माशी आवरून धरत असे. इथे त्या वर्षभर मुक्कामाला. सफरचंद आणि चेरीच्या बऱ्याच जातींना फुलण्याआधी पुरेसे थंड तास लागतात, ते इथे पुरत नाहीत. ट्यूलिपचे कंद फ्रिजमध्ये ठेवून मगच लावावे लागतात. उलट मिरची आणि वांगं, जी आधी हंगामापुरतीच जगायची, ती आता हिवाळा काढून दुसऱ्या वर्षी लवकर फळं देतात. माझ्या मते या हवेत सगळ्यात फायद्याची झाडं हीच, केळ हा हौसेचा मामला.

आंबा मात्र अजून लावलेला नाही. त्याचा मोहर गारव्यात निघतो, पण मोहराच्या दिवसांत रात्री फार थंड राहिल्या की फळधारणा नीट होत नाही आणि बिनकोयीच्या बारीक कैऱ्या लागून गळतात. भिंतीलगतची उबदार जागा तेवढ्यासाठी अडवायची, तर आधी तिथला पेरू हलवावा लागेल, आणि पेरू चांगला लागतोय.