लाईट गेली त्या रात्री

हापूसच्या पानातून प्रोटोप्लास्ट काढायचे, म्हणजे पेशीची भिंत एन्झाइमने विरघळवायची आणि आतला उघडा गोळा जिवंत मिळवायचा. तंबाखूत हे कधीच जमलंय, 1971 मध्ये तर अशा गोळ्यांपासून अख्खी रोपं उभी केली होती लोकांनी, पण आंबा म्हणजे फिनॉलचं (हवा लागली की काळं पडणाऱ्या द्रव्यांचं) कोठार, पान कापलं की कडा काळी. तीन महिने रोज सकाळी माझ्या फ्लास्कमध्ये नुसता चहा!

शेवटी आमचे माळीकाकाच म्हणाले, "जून पानं कशाला घेतेस गो बाय, चामडं झालेलं असतं ते, पोपटी घे." मग शेडनेटमधल्या कलमांची, तांबूसपणा नुकताच गेलेली पानं आणली. ब्लेडने बारीक पट्ट्या, भिंत विरघळवायला सेल्युलेज आणि मॅसरोझाइम ही एन्झाइम्स, पेशी फुटू नयेत म्हणून 0.6 मोलर मॅनिटॉल, काळं पडू नये म्हणून पीव्हीपी, आणि रात्रभर अंधारात शेकरवर, म्हणजे फ्लास्क हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर.

रात्री दहाला लाईट गेली. इन्व्हर्टरवर फक्त फ्रीज. पाऊस असा की साकवावरून पाणी, लॅबला जाणार कशी, म्हटलं गेलं हेही.

सकाळी बघते तर पट्ट्या तळाशी गप्प बसलेल्या आणि वरचं पाणी हिरवट, चहा नाही! पिपेटच्या टिपचं टोक कात्रीने कापून रुंद केलं (अरुंद टिपेतून ओढले की फाटतात बिचारे), नायलॉनच्या जाळीतून गाळलं, सेंट्रीफ्यूजमध्ये 100 जीला (गुरुत्वाच्या शंभरपट जोराने) पाच मिनिटं फिरवलं आणि थेंब काचेवर ठेवला. गोल! साबुदाण्यासारखे गोल, कडेला हिरवे ठिपके. एफडीए (जिवंत पेशीतच चमकणारा रंग) टाकून अंधाऱ्या खोलीत निळ्या प्रकाशाखाली बघितलं तर हिरवे पेटले, म्हणजे जिवंत. मी ओरडलेच.

सर आले, बघितलं, आणि म्हणाले, "पानही बदललंस, शेकरही थांबला. आता श्रेय कुणाला देऊ, काकांना की लाईटवाल्यांना?"

खरंच होतं. म्हणून परत केलं. जून पान, शेकर बंद: चहा. पोपटी पान, शेकर चालू: गोळे आले पण अर्धेअधिक फुटलेले, म्हणजे इतके दिवस आम्हीच घुसळून मारत होतो बहुतेक.

पहिल्या बॅचचे गोळे मीडियात (पोषक द्रावणात) लाखभर दर मिलीला ठेवले होते. चारेक दिवसांत काहींना भिंत परत आली, दोन-तीन दुभंगलेले पण दिसले, फोटो काढून ठेवलेत. अकराव्या दिवशी प्लेट तपकिरी. काका दारातूनच विचारतात, "कलम कधी देतेस?"

नवीन पालवी आली की परत बसणार.