बसूंक जायना

श्रावणातल्या भजनी सप्ताहात बाबू पखवाज घेऊन बसला की आमच्या वाड्याची पाळी संपेपर्यंत मांडी मोडायचा नाही. पायाला मुंग्या येत नाहीत का रे, असं विचारलं तर हसायचा. 2017च्या श्रावणात मात्र पहिला अभंग संपायच्या आतच तो उठला, पखवाज शेजारच्या पोराकडे सरकवला आणि बाहेर गेला. मी मागोमाग गेले तर देवळाच्या अग्रशाळेच्या मागे, चिखलात, अनवाणी फेऱ्या घालत होता.

"ताई, म्हाका बसूंक जायना गो."

आमच्या घरात बोलणं कोकणीत आणि लिहिणं मराठीत. पण हे वाक्य मराठीत आणलं की त्यातली कळ जाते, म्हणून तसंच ठेवलंय.

बाबू माझा धाकटा भाऊ. सव्विसाव्या वर्षी त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचं निदान झालं. कुळागरातल्या माडांवरून कुणीतरी आपल्यावर नजर ठेवतंय, आपल्याबद्दल बोलतंय, असं त्याला वाटायचं. गोळ्या सुरू झाल्यावर ते आवाज निम्म्यावर आले, तो जेवू लागला, झोपू लागला. हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून कुणी घरातल्या माणसाच्या गोळ्या परसात फेकू नयेत. एकदम बंद केलेलं औषध काय करतं तेही आम्ही पाहिलंय, पण ती गोष्ट वेगळी.

हॅलोपेरिडॉल 5 मिलिग्रॅम चालू होतं. थोडे आवाज उरले होते म्हणून 10 झालं. चार दिवसांत पाय सुरू झाले. उभा असला तरी एका पायावरून दुसऱ्या पायावर, सारखा. आजी सोप्यावरून बघून म्हणाली, "हा मळणी घालतोय की काय?" तिच्या लहानपणी भात पायांनी मळायचे, अगदी तसंच दिसायचं ते. जेवताना तीनदा उठायचा. रात्री पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत चालायचा. चपलांच्या टाचा महिन्याभरात झिजल्या.

आम्ही परत डॉक्टरांकडे गेलो. बाबू म्हणाला, आत काहीतरी उसळतंय, राहवत नाही. डॉक्टरांनी ऐकलं ते असं, की आजार उसळलाय. 10चे 15 झाले. त्यांच्यावर मी आज तितकी रागावलेली नाही. बाहेर पन्नास माणसं बसलेली, त्यात आजार वाढला तरी माणूस अस्वस्थ आणि औषध लागलं तरी अस्वस्थ, लांबून सारखंच दिसतं. पण त्यांनी विचारलं काय, तर झोप येते का, जेवतो का, गोळ्या घेतो का. बसता येतं का, हे कुणीच विचारलं नाही. आईने तर देवाला गाऱ्हाणंही घालून झालं होतं.

15वर गेल्यानंतरच्या आठवड्यात एका पहाटे तो न्हाणीघराच्या पायरीशी उभा होता, पाय चालूच. मला म्हणाला, "हें अशेंच उरपाचें जाल्यार म्हाका जगपाक नाका." मासळीबाजारात बांगड्यांचा भाव सांगावा तशा आवाजात. रडला नाही. कानातले आवाज सांगतायत का, असं विचारलं तर म्हणाला, नाही, ते तर गप्प झालेत. हे अंग सहन होत नाही.

मी सरळ विचारलं, मरायचे विचार येतात का. हो म्हणाला. विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेला विचार घुसतो, असं आपल्याकडे समजतात. तसं होत नाही. उलट तो त्यानंतर पहिल्यांदा माझ्या शेजारी टेकला, अर्धा मिनिट का होईना. त्या दिवसापासून गोळ्यांचा डबा माझ्या कपाटात कुलपात गेला आणि त्याला एकटं ठेवायचं नाही असं घरात ठरलं. तेव्हा मनाच्या त्रासात मदत मागायचा, टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर नव्हता, तो 2022मध्ये आला. आता आमच्या फ्रीजच्या दारावर लिहिलेला आहे.

मी फोंड्याला एका दुकानात हिशेब लिहिते. सवयीने बाबूचाही हिशेब लिहीत होते. डाव्या बाजूला तारीख आणि गोळी, उजव्या बाजूला काय झालं ते. रात्री 11 ते 2 फेऱ्या. जेवताना उठला, तीनदा. अशी पानं भरली होती. ती वही घेऊन आम्ही दुसरीकडे गेलो. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती. तिने पानं उलटली आणि दोन ठिकाणी बोट ठेवलं. डावीकडे 5चे 10 झाले तिथे, आणि त्याखाली चार ओळी सोडून उजवीकडे पाय सुरू झाले तिथे. मग 10चे 15, आणि पुन्हा तेच. मी रोज लिहीत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

तिने बाबूला खुर्चीवर बसवलं आणि दोन मिनिटं काही न बोलता पाहिलं. मग दोन मिनिटं उभं केलं. मग विचारलं, "ही तळमळ डोक्यात आहे की पायांत?" बाबू म्हणाला, पायांत, आणि पोटातही.

हे औषधाचं होतं, आजाराचं नाही. याला अकॅथिझिया म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच 'न बसणं'. हे नाव 1901मध्ये प्रागच्या हाश्कोवेत्स नावाच्या डॉक्टरांनी दिलं. मनोविकारावरचं पहिलं असं औषध, क्लोरप्रोमाझिन, आलं 1952मध्ये. म्हणजे नाव अर्धं शतक आधीपासून तयार होतं. बाबू ते कोकणीत सांगत होता, एवढंच.

तिने डोस खाली आणला. दम्याचा त्रास आहे का ते विचारून, नाडी आणि रक्तदाब बघून, तळमळ कमी करायला प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं. पाचव्या दिवशी तो पेजेचा वाडगा संपेपर्यंत पाटावर बसला. आई वाडग्याकडे बघत नव्हती, पायांकडे बघत होती. मरणाचे विचार पायांबरोबरच ओसरले, असं तो स्वतः म्हणाला. सगळ्यांचं इतकं सरळ नसतं. स्किझोफ्रेनियात शंभरातली साधारण पाच माणसं आत्महत्येने जातात आणि कारणं अनेक असतात. इस्पितळातून घरी आल्यानंतरचे दिवस तर फार जपायचे.

डोस उतरवल्यावर आवाज परतले. दुसरं औषध झालं, तेही पुरलं नाही. मग 2018मध्ये क्लोझापिन. स्किझोफ्रेनियातला आत्महत्येचा धोका कमी करण्यासाठी म्हणून अमेरिकेत 2002 साली मान्यता मिळालेलं औषध हेच. पण फुकट काही मिळत नाही. पांढऱ्या पेशी एकदम घसरू शकतात, म्हणून पहिले अठरा आठवडे दर सोमवारी रक्त. सकाळची कदंबा बस, लॅब, मिसळ-पाव, परत. रिपोर्टच्या चिठ्ठ्या कॅलेंडरच्या खिळ्याला. झोपेत लाळ इतकी, की आई उशीवर पंचा घालते. वजन 58चं 79 झालं. शौचाला होतंय का, हा प्रश्न प्रत्येक भेटीत. बाबू लाजायचा, पण या औषधात बद्धकोष्ठ जिवावरही बेतू शकतो, हे कळल्यापासून आपणहून सांगतो.

गेल्या श्रावणात तो पुन्हा पखवाजाला बसला. दुसरा अभंग झाला आणि उठला. मी, आई, काकी, तिघींच्या माना एकदम वळल्या, त्याच्या पायांकडे.

"चहा हाडूंक वतां," तो म्हणाला. "तुमकांय जाय?"