काळी दोन आणि पाचवी तार

परभणीला भीमजयंतीचा कार्यक्रम होता. जयंती १४ एप्रिलची, पण आमच्याकडे कार्यक्रम पुढे कितीतरी दिवस चालतात आणि तोवर गायकांचे गळे बसतात. साऊंड चेकला आल्या आल्या आमचे गायक घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आज पांढरी चार जमणार नाही. काळी दोन धरा." म्हणजे पेटीची चौथी पांढरी पट्टी सोडून खालची दुसरी काळी पट्टी सा धरायची.

कीबोर्डवाल्याला काय, ट्रान्सपोजचं बटण दाबलं की झालं. ढोलकीवाल्यानं पाना काढला. पंचाईत माझी. मी पाच तारांचा बेस गिटार वाजवतो; जाडीकडून बारकीकडे तारा बी, ई, ए, डी, जी. पांढरी चारचा सा मला ई तारेच्या पहिल्या फ्रेटवर (दांडीवरच्या पहिल्या आडव्या पट्टीवर) मिळतो, साधारण ४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं. काळी दोनचा खालचा सा ई तारेवर नाहीच. तो बी तारेच्या चौथ्या फ्रेटवर, ३९ हर्ट्झला. एरवी अधूनमधून लागणारी जाड तार आज रात्रभर वाजणार होती.

साऊंड चेकचं पहिलंच गाणं अर्धं झालं नाही तोच मिक्सरवरून आवाज आला, "दादा, एकच तार वाजवायलाव का? बाकीच्या ऐकूच येईनात!"

कीबोर्डवाल्या पोराच्या गळ्यात बेस अडकवला, पाचही तारा सारख्या जोरानं छेडत राहा म्हणालो आणि खाली मिक्सरपाशी जाऊन उभा राहिलो. स्टेजवर आपल्याच स्पीकरच्या पेटीसमोर उभं राहून तारांचा तोल कळत नाही, तिथं सगळंच गडगडतं. खाली प्रकार स्पष्ट दिसला. बी तार वाजली की मीटर लाल, लिमिटर (आवाज ठरलेल्या मर्यादेवर जाऊ न देणारं यंत्र) सगळंच दाबायला लागला, आणि त्या दाबात पुढच्या डी, जी तारा गडप. गंमत म्हणजे मीटर लाल करणारा सा मैदानात धड ऐकूही येत नव्हता. भाड्याच्या बऱ्याच बेस-पेट्या ४० हर्ट्झच्या आसपास मान टाकतात. ऐकू येते ती त्याची दुप्पट, ७८ हर्ट्झची झलक. सगळी ताकद मात्र त्या खालच्या थरथरीतच खर्ची पडते.

साऊंडवाल्याचा हात ईक्यूकडे, म्हणजे खालचे-वरचे आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणांकडे गेला, तो मी थांबवला. ईक्यूला तारा ओळखू येत नाहीत. खालचा आवाज कमी केला की बी बरोबर ई आणि ए चंही वजन जातं. दुखणं एका तारेचं होतं, म्हणून आधी पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपणारं त्यांच्याखालचं चुंबक.

स्क्रूड्रायव्हर घेतला. शेवटचा फ्रेट दाबून धरायचा आणि तार ते पिकअप हे अंतर बघायचं. बी जवळजवळ चिकटलेली, जी लांब. बी कडची बाजू थोडी खाली घेतली, जी कडची वर. अर्धा फेरा फिरवायचा, ऐकायचं, परत पाव. लोहचुंबक फार जवळ आलं तर तारेलाच ओढतं आणि सूर डळमळतो, त्यामुळे जी वर घेतानाही हात आखडता ठेवला. मधली ए तार तरीही किंचित मागेच राहिली. फिंगरबोर्डला (बोटं फिरतात त्या फळीला) बाक असतो, पिकअपचा माथा सपाट, त्यामुळे मधल्या तारा जरा लांब पडतात. ते काम स्क्रूचं नाही, बोटाचं.

मग मिक्सरवर ३५ हर्ट्झखालचं कापायला सांगितलं. बी वाजवताना हात ब्रिजकडे, तारा जिथं टेकतात त्या टोकाकडे सरकवला: तिथं तार ताठ लागते, वरचे स्वर उमटतात आणि लहान पेटीतूनही सा ओळखू येतो. दुसऱ्या तारा वाजवताना अंगठा बी वर टेकवून ठेवायचा, नाहीतर ती न छेडताही मागे घुमत राहते.

पाहुण्यांची भाषणं नेहमीप्रमाणे लांबली. ऊन उतरल्यावर तारा आवळून सूर किंचित चढले होते, ते तेवढ्यात पुन्हा जुळवून घेतले. कार्यक्रमात मीटर हिरव्यातच राहिलं आणि जी तारेवरची छोटी सुरावट मागच्या खुर्च्यांपर्यंत पोचली. साऊंडवाल्यानं तिथूनच हात वर केला.

सामान टेम्पोत चढवताना गायकांना विचारलं, उद्या जिंतूरला कोणती पट्टी? गरम पाण्याचा घोट घेत त्यांनी दोन बोटं दाखवली. मी स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला. स्क्रू होते तिथंच ठेवले.