मांडवातल्या टीव्हीवर आपोआप फिरणाऱ्या स्लाइड्स: ट्रान्झिशन एकच, वेळ वेगवेगळी

लालबाग-परळ असो की बोरिवली, दर्शनाच्या रांगेशेजारी हल्ली एक टीव्ही लावलेला असतो. त्यावर आरतीच्या वेळा, रक्तदान शिबिर, विसर्जनाचा मार्ग, देणगीदारांची नावं. लॅपटॉपजवळ मात्र कोणी बसलेलं नसतं. अशा शोमध्ये ट्रान्झिशनला, म्हणजे एक स्लाइड जाऊन दुसरी येतानाच्या इफेक्टला, फारसं महत्त्व नाही. स्लाइड पडद्यावर किती सेकंद राहते, त्यावर सगळं अवलंबून असतं.

तरी पॉवरपॉइंटमध्ये सुरुवात ट्रान्झिशनपासूनच करावी लागते, आणि बहुतेकांची गडबड इथेच होते. ‘ट्रान्झिशन्स’ टॅबमधलं ‘अप्लाय टू ऑल’ हे बटण फक्त इफेक्ट नव्हे, तर त्या स्लाइडची वेळही सगळ्या स्लाइड्सना लावतं. प्रत्येक स्लाइडचे सेकंद भरल्यावर शेवटी ‘सगळीकडे फेड लावू’ म्हणून ते दाबलंत, की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून पहिल्या स्लाइडवर ‘फेड’ (एक स्लाइड विरत दुसरी उमटते तो इफेक्ट) निवडा, ‘ड्युरेशन’ (हा इफेक्ट चालण्याचा वेळ) 0.70 सेकंद राहू द्या, ‘ऑन माउस क्लिक’ची खूण काढा, ‘आफ्टर’ला (किती सेकंदांनी आपोआप पुढे जायचं) खूण करून त्यात 8 सेकंद भरा. मग ‘अप्लाय टू ऑल’. त्यानंतर ज्या स्लाइड्सना वेगळी वेळ हवी, तेवढ्याच एकेक करून बदला. हे बटण पुन्हा दाबायचं नाही.

‘आफ्टर’वर खूण नसेल तर स्लाइड आपोआप पुढे जाणारच नाही. एखादीच स्लाइड तासभर अडकून बसली असेल तर आधी हेच तपासा. गरगर फिरणारे, पान उलटणारे इफेक्ट दिसायला झकास. पण तासन्‌तास तेच फिरत राहिलं की शेजारी उभ्या असलेल्या कार्यकर्त्याचं डोकं दुखतं. फेड पुरे.

आता वेळ. अंदाजाने भरू नका. स्लाइड मोठ्याने, सावकाश वाचा, मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि वर दोन-तीन सेकंद द्या. आरतीच्या दोन ओळींना 6 सेकंद पुरतात. विसर्जनाच्या मार्गाचा नकाशा असेल तर 15 तरी हवेत, कारण नकाशात माणूस आधी आपली गल्ली शोधतो. देणगीदारांच्या यादीची गोष्ट निराळी. तिथे लोक नुसतं वाचत नाहीत, आपलं नाव सापडलं की खिशातून मोबाइल काढून फोटो घेतात. एका स्लाइडवर 8 ते 10 नावं आणि 15 ते 20 सेकंद, यापेक्षा कंजुषी केलीत तर वर्गणीच्या पुढच्या फेरीत ऐकून घ्यावं लागेल. चाळीस नावं एकाच स्लाइडवर कोंबून तिला मिनिटभर ठेवणं हा उपाय नव्हे. रांगेतून तेवढी बारीक अक्षरं दिसत नाहीत.

‘स्लाइड शो’ टॅबमधलं ‘रिहर्स टायमिंग्ज’ही वापरता येतं, पण शेवटी ‘येस’ म्हटलंत की हाताने भरलेल्या वेळा पुसल्या जातात. भाषणाच्या सरावाला ते चांगलं, मांडवासाठी हाताने भरणंच बरं.

मग त्याच टॅबमध्ये ‘सेट अप स्लाइड शो’ उघडून ‘ब्राउज्ड ॲट अ किऑस्क’ निवडा. शो एस्केप दाबेपर्यंत फिरत राहतो आणि कोणाचा माउसला धक्का लागला तरी स्लाइड पुढे सरकत नाही. तिथेच ‘युज टायमिंग्ज’ निवडलेलं आहे ना, हे बघा. स्लाइडवर ॲनिमेशन असेल तर ‘ऑन क्लिक’ऐवजी ‘आफ्टर प्रीव्हियस’ करा. क्लिक करायला कोणी नाही. फाइल ‘पॉवरपॉइंट शो’ प्रकारात, म्हणजे पीपीएसएक्स म्हणून सेव्ह केली की डबल क्लिकवर थेट शो सुरू होतो. वीज गेली-आली तरी कोणीही कार्यकर्ता तो चालू करू शकतो.

लॅपटॉप दुसऱ्याचा असेल तर मराठी अक्षरांची काळजी घ्या. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर अगम्य चिन्हांसारखा दिसतो. मजकूर युनिकोडमध्येच (मोबाइलवर मराठी टाइप करतो त्याच पद्धतीत) टाइप करा आणि ‘ऑप्शन्स’मधल्या ‘सेव्ह’ भागात जाऊन फॉन्ट फाइलमध्ये एम्बेड करा, म्हणजे फाइलसोबतच साठवा. व्हॉट्सॲपच्या सूचनाही बंद ठेवा, नाहीतर मंडळाच्या ग्रुपवरची भांडणं अख्खी रांग वाचेल.

लॅपटॉपच ठेवायचा नसेल तर ‘एक्स्पोर्ट’मधून ‘क्रिएट अ व्हिडिओ’, फुल एचडी, आणि एमपी4 पेनड्राइव्हवर. ज्या स्लाइडला वेळ दिलेली नाही, तिला इथे 5 सेकंद मिळतात. टीव्हीच्या प्लेअरमध्ये ‘रिपीट’ चालू करायला विसरू नका.

गूगल स्लाइड्समध्ये ऑटो-प्ले आहे, पण सगळ्या स्लाइड्सना एकच वेळ. एखादी स्लाइड दुप्पट वेळ दिसायला हवी असेल तर तिची डुप्लिकेट लगेच पुढे ठेवा आणि त्या डुप्लिकेटला ट्रान्झिशन लावू नका. बघणाऱ्याला जोड कळत नाही.